मातीच्या पिशव्यांतली दादर

डॉक्टरकडे जाताना माणसं हातपाय धुऊन जातात. आमच्याकडे येताना मात्र हातपाय माखून येत, आणि आम्हाला तेच हवं असे. धुळ्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेत मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. बाहेरच्या पाटीवर माझं पदनाम चांगलं लांबलचक होतं, पण ते कुणी वाचत नसे. सगळ्या खान्देशात मी ‘माटीवाली बाई’ होते. भुसावळच्या माहेरी तर एका आत्याची मरेपर्यंत समजूत होती की मी गणपती घडवते. मीही ती मोडली नाही, कारण त्या निमित्तानं ती दर वर्षी आदरानं बोलायची.

काम तसं साधं. शेतकऱ्यानं माती आणायची, आम्ही ती वाळवून, कुटून, चाळून, रसायनात हलवून तिच्यात काय आहे आणि काय नाही ते सांगायचं. अवघड असे ती माती आणणं. शेतात नागमोडी फिरा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा, बांधाजवळची घेऊ नका, झाडाखालची घेऊ नका, बैल बसतात तिथली तर मुळीच घेऊ नका, हे घसा सुकेपर्यंत सांगायचं. मग माणूस नेमकी गोठ्याच्या दारातली आणायचा, कारण ती घराजवळ पडते. कुणी पेढ्याच्या खोक्यात आणी, कुणी रुमालात. एकानं तर मुलीला सांगून आलेल्या स्थळाची माती आणली होती. पत्रिका नंतर, आधी जमीन बघू म्हणाला. मी अहवालावर सही करून सांगितलं, “जमीन उत्तम आहे. मुलगा आमच्याकडे तपासत नाहीत.”

म्हणून आम्ही कापडी पिशव्या द्यायला लागलो. जाड्या मांजरपाटाच्या, वीतभर लांब, तोंडाला नाडी. वर कॉपिंग पेन्सिलनं शेतकऱ्याचं नाव आणि गाव. ही पेन्सिल ओली झाली की जांभळी उमटते आणि मग कितीही धुवा, जात नाही. वापरलेल्या पिशव्या धुऊन मागच्या खोलीत रचून ठेवायच्या, असा रिवाज होता. या पिशव्या लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. शिंदखेड्याकडून तापीकाठच्या एका गावाचे भिला आबा दारात उभे राहिले. उंच, हडकुळे, डोक्यावर पांढरी टोपी. छातीशी धोतराच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून धरलेलं. मला वाटलं नातवंडच आहे. एसटीत बायकांनी त्यांना बसायला जागासुद्धा दिली होती म्हणे. आबांनी फडकं हळूच टेबलावर उघडलं. आत मुळासकट उपटलेलं ज्वारीचं रोप होतं.

“बाई, हाई पोर पिवयं पडी गयं. कावीय त नही ना?”

काविळीचा संशय खोटा नव्हता. खालची जुनी पानं हिरवी, पण वरचं कोवळं पान पिवळं, जवळजवळ पांढरं, आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोह कमी पडल्याची खूण. खान्देशच्या चुनखडीच्या काळ्या मातीत ती नवी नाही. मी तोंड उघडणार तोच माझं लक्ष मुळांकडे गेलं. ज्वारीच्या मुळांना कसा बारीक केसांचा झुपका असतो. इथे तपकिरी, आखूड, जाड खुंट होते.

“आबा, काय काय दिलंत हिला?”

“बठ्ठं दिधं. युरिया दिधा, हिराकस मुळशी टाकं. काही फरक नही.”

“आणि पेरणीच्या आधी जमिनीत?”

आबांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

“जस्त.”

“किती?”

“दोन ट्रॉल्या.”

मी खुर्चीत मागे टेकले. जस्त आपल्याकडे घमेल्यानं द्यायचं असतं, तेसुद्धा सगळ्या वावराला मिळून एखादं. झालं असं होतं की रेडिओवर त्या काळात सारखं सांगत, खान्देशच्या मातीत जस्त कमी आहे, जस्त द्या. ते बरोबरच होतं. आबांनी ते मनावर घेतलं. त्यांचा जावई बादल्या-घमेल्यांना जस्ताचा मुलामा देणाऱ्या एका लहानशा कारखान्यात होता. तिथे टाकीच्या तळाशी करडा गाळ साचे आणि तो कुठे टाकावा हा मालकाला घोर असे. जावई म्हणाला, मामा, नुसतं जस्त आहे, फुकट आहे, घेऊन जा. आबांनी आनंदानं नेलं. दुकानातून पुडीत आणायची वस्तू ट्रॉलीनं मिळत असेल तर खान्देशी माणूस सोडतो होय?

“मग एवढं पीक गेलं तर काय होईल, आबा?” मी विचारलं. मला वाटलं वर्षाच्या धान्याचा प्रश्न असेल.

आबांनी मान हलवली. “पीकनं काही नही बाई. बठ्ठं बी वावरमा शे. घरमा एक दाना नही.”

आता बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. पावसाळ्याची ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत, वरून पाणी न देता येणारी. तिची भाकरी पांढरी, गोड आणि संध्याकाळपर्यंत मऊ. तेव्हा सगळीकडे संकरित ज्वारी आली होती. ती पिकायची भरपूर, पण सकाळची भाकरी संध्याकाळी चपलेला तळ म्हणून चालली असती. आबांच्या गावानंही हळूहळू दादर सोडली. आबांच्या आईकडून आलेलं, उंच ताटाचं आणि टपोऱ्या मोत्यासारख्या दाण्याचं बी फक्त आबांकडे उरलं. ते कधी विकलं नाही. मागेल त्याला द्यायचं आणि सुगीला परत घ्यायचं, सवाईनं. म्हणजे शेरभर नेलं तर सव्वा शेर आणायचं, कमी नाही आणि जास्तही नाही. एरवी थोडं बी उतरंडीला राखून ठेवत. त्या वर्षी जमीन एवढी ‘ताकदवान’ झाली म्हणून शेजारचा पडीक तुकडाही नांगरला आणि राखलेलं सगळं पेरून टाकलं.

म्हणजे त्या पिवळ्या रोपाबरोबर एक वाणच माझ्या टेबलावर येऊन पडला होता.

दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं शिंदखेडा आणि तिथून आबांच्या बैलगाडीनं वावर गाठलं. बांधावर अक्का उभ्या होत्या. आबांच्या मंडळी. ठेंगण्या, ठसठशीत, आणि आबांवर रागावलेल्या. त्या दिवशीपुरत्या नव्हे, एकंदरीतच.

“फुकटनी वस्तू आनी, आते भोगा,” एवढंच म्हणून त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला.

बांधावर बसून मी दोघांना समजावलं. मुळाला दारं असतात. जस्त, लोह, मँगनीज यांना थोड्याफार त्याच दारांतून आत जावं लागतं. धुळ्याच्या स्टँडवर आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी जळगावची गाडी लागते तेव्हा काय होतं? दांडगे लोक आधी घुसतात, खिडकीतून रुमाल टाकतात, आणि म्हातारीकोतारी खालीच राहतात. तुमच्या वावरात जस्ताची तशी झुंबड झाली आहे. लोह मातीत आहे, पण त्याला चढायला मिळत नाही. लोह नाही तर पानात हिरवा रंग धरत नाही आणि रंग नाही तर पानाची चूल पेटत नाही. शिवाय एवढ्या धातूनं मुळंच भाजून निघतात, मग स्फुरद म्हणू नका, पाणी म्हणू नका, सगळंच आत जायचं कमी होतं.

“आन मी हिराकस टाकं ते?” आबा म्हणाले.

“हिराकस म्हणजे लोहच. तेही खालीच राहिलं, स्टँडवर.”

अक्का पहिल्यांदा हसल्या.

त्याच गाळात दुसरी एक भीती होती, ती मी जरा हळू सांगितली. जस्ताबरोबर बहुतेक वेळा कॅडमियम नावाचा धातू असतो. दिसायला-वागायला जस्ताचा चुलतभाऊ. मूळ फसतं आणि त्याला आत घेतं. पिकाला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि दाण्यातून माणसाच्या पोटात गेला तर मूत्रपिंडात वर्षानुवर्षं मुक्काम करतो. आमच्याकडे तो मोजायचं यंत्र नव्हतं. माती आणि पानं मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावी लागणार होती.

मग मी वावरात शिरले. पिवळं, पिवळं, पिवळं. आणि मधोमध एकदम हिरवं. बैलगाडी फिरेल एवढा गोल, कंपासनं आखल्यासारखा, आणि त्यात दादर कमरेच्या वर गेलेली.

“इथे गाळ टाकला नव्हता का?”

“टाका ना. बठ्ठीकडे सारखा टाका.”

“मग इथे काय वेगळं केलंत?”

उत्तर अक्कांनी दिलं, आणि मोठ्या चवीनं दिलं. पेरणीच्या आधी गोविंदा ठेलारी मेंढ्या घेऊन आला होता. आमच्याकडे ठेलारी लोक कळप घेऊन फिरतात. वावरात मेंढ्या बसवायच्या, त्यांची लेंडी-मूत जमिनीत पडतं, बदल्यात त्याला धान्य द्यायचं. रोज जागा बदलत सगळं वावर फिरायचं ठरलं होतं. पहिल्या मुक्कामातच त्याच्या बकरीनं कुंपणावर वाळत घातलेलं आबांचं नवं धोतर खाल्लं. आबांनी बकरीच्या आणि गोविंदाच्या मिळून सात पिढ्या काढल्या. गोविंदा कळप घेऊन चालता झाला. वावरात मेंढ्या बसल्या त्या एवढ्या गोलातच.

मी तिथेच खाली बसून माती हातात घेतली. लेंडीखत धातूला धरून ठेवतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, भाषणातही ठोकलं होतं. पण इतकं गोल, हिरवं आणि वाऱ्यावर हलणारं उत्तर कधी पाहिलं नव्हतं. मला हसूच फुटलं. धोतराचं एक पान वाचलं असतं तर हा गोल मोठा झाला असता, की बकरीनं धीर धरला असता तर सगळं वावर वाचलं असतं, याचा हिशेब आम्ही तिघांनी बराच वेळ केला.

ठरलं ते असं. पिवळ्या पिकावर आता जीव टाकायचा नाही. त्यातला दाणा खायचा नाही, कडबा जनावरांना घालायचा नाही, छपरावर टाकायचा. हिरवा गोल बियाण्यापुरता जपायचा. त्यालाही मुळाच्या दारावर विसंबायचं नाही. हिराकशीच्या पाण्यात लिंबू पिळून थेट पानांवर फवारायचं. स्टँडवरून चढता येत नसेल तर पुढच्या फाट्यावर चढायचं.

गोल तरारला. पोटऱ्यात आला, निसवला. मधल्या काळात मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं. जस्त भयंकर, आणि माझी भीती खरी, चुलतभाऊही हजर. ते सांगायला मी गेले तो नेमका हुरड्याचा दिवस. आबांनी गोवऱ्यांची आगटी पेटवली होती आणि गोलाबाहेरच्या, जरा बऱ्या दिसणाऱ्या ताटांची कणसं भाजून, हातावर चोळून, गरम दाणे माझ्यापुढे केले. मी हात मागे घेतला.

आमच्याकडे पाहुण्यानं हुरडा नाकारणं म्हणजे काय, ते खान्देशातल्या माणसालाच कळेल. आबांचा हात तसाच राहिला. “मना हातना हुरडा कोनी नही म्हनं नही, बाई,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. अक्कांनी पुढे होऊन ते दाणे आगटीत टाकले आणि म्हणाल्या, “पुढे खातीन. आते बाईसले आपला बठ्ठासना जीव महत्त्वाना शे.” मग आम्ही गूळ-शेंगदाणे खाल्ले.

आता संकट आलं ते पंख लावून. एवढ्या पिवळ्या रानात एकच दाणेदार गोल, म्हणजे तालुक्यातल्या पाखरांना जेवणाचं आमंत्रणच. आबा गोफण घेऊन माळ्यावर, अक्का पत्र्याचा डबा वाजवत खाली. पाखरं इकडून उठली की तिकडे बसत. आबा धुळ्याला आले तेव्हा गोफणीनं खांदा सुजला होता. “बाई, दाना हुरडामा शे आनि आताच निम्मा गया,” म्हणाले.

मी त्यांना चहा पाजला आणि मागच्या खोलीत गेले. तिथे छतापर्यंत पिशव्या होत्या. वीतभर लांब, तोंडाला नाडी. दादरीच्या कणसाच्या मापाच्या, जणू शिंप्यानं माप घेऊन शिवल्या होत्या.

दोन गठ्ठे बांधून दिले. अक्का आणि गावातल्या बायकांनी कणीस-कणीस पिशवीत घालून नाड्या बांधल्या. मी पाहायला गेले तर काय दृश्य! उंच हिरव्या ताटांवर पांढऱ्या पिशव्या डुलताहेत आणि प्रत्येकीवर जांभळ्या अक्षरात नाव. सुपडू, जामनेर. रामदास, साक्री. यशोदाबाई, चोपडा. गावातली साक्षर मंडळी बांधावर उभी राहून मोठ्यानं वाचत होती. एकाला त्याचा मावसभाऊ सापडला, त्यानं त्याची ख्यालीखुशाली विचारून घेतली. पाखरं नाराज होऊन संकरित ज्वारीकडे गेली.

इकडे कार्यालयात साहेबांनी मागच्या खोलीत डोकावलं.

“मॅडम, पिशव्या कुठे गेल्या?”

“नमुने भरायला गेल्यात, साहेब.”

“कधी येतील?”

“कणसं पिकली की.”

खरं काय ते मी सांगितलं. साहेब चष्मा पुसत म्हणाले, “नोंद करताना ‘पिकावरील प्रयोगासाठी’ असं लिहा.” चांगला माणूस.

सुगी झाली. गोलातला दाणा तपासून घेतला. बियाण्याला काही हरकत नव्हती. गाळाबद्दल मात्र मी लिहिलेला कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि कुठेतरी विसावला. त्या कारखान्याचा गाळ पुढे कुणाच्या नाल्यात गेला मला कळलं नाही, आणि ती रुखरुख आजही आहे.

आखाजीच्या सुमारास आबा पिशव्या परत द्यायला आले. मी रिकाम्या पिशव्यांची वाट पाहत होते. आल्या त्या भरलेल्या. प्रत्येकीत ओंजळभर दादर.

“आबा, हे बी घरी ठेवायचं ना?”

“घरपुरतं ठेवं. हाई ज्यानं त्याले. ज्यानं नाव, त्याले बी.”

“तुम्ही ओळखता का एकाला तरी?”

“नही. पन त्यासनी पिशवीनी मनी दादर राखी.” मग म्हणाले, “एकना घरमा ऱ्हायनं ते बी मरस, बाई. बठ्ठासना घरमा गयं ते जगस. हाई माले आते समजनं.”

मग काय, आमची प्रयोगशाळा महिनाभर बियाण्याचं टपाल झाली. अहवाल न्यायला येणाऱ्याच्या हाती त्याच्या गावच्या पिशव्या, उरलेल्या एसटीच्या कंडक्टरांकडे. प्रत्येकाला निरोप एकच, सवाईनं परत. तळाशी एक पिशवी निघाली, तिच्यावर नाव नव्हतं. आबांनी ती माझ्या हातात ठेवली. “हाई तुमनी.” मी ती प्रयोगशाळेच्या मागे मोठ्या हौशीनं पेरली आणि पिशव्या बांधायला नेमकी मीच विसरले. चिमण्यांनी दाणा ठेवला नाही.

आबांनी गोविंदाशी समेट केला. “बकरीनी धोतर खादं ते मी भुली गऊ,” असं त्यांनी त्याला भर बाजारात सांगितलं. “बकरीले गोड लागनं, आबा, दुसरं काढा,” गोविंदा म्हणाला. पुढे वर्षानुवर्षं मेंढ्या त्या वावरात फिरत राहिल्या. धान्य मी तिथे पेरू दिलं नाही. आबा कापूस लावत आणि दादर दुसऱ्या तुकड्यात. नव्वदच्या दशकात आबा गेले. दोन वर्षं लागोपाठ पाऊस रुसला, मुलांनी सगळीकडे कापूस केला, आणि अक्कांच्या उतरंडीतल्या बियाण्याला सोंडे लागले. हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ज्या बियाण्यासाठी आम्ही एवढं केलं ते आबांच्याच घरातून गेलं होतं.

माझ्या निवृत्तीच्या आधी थोडे दिवस एक म्हातारा गृहस्थ काखेत पोतं घेऊन आला. पोत्याच्या तोंडाला आमचीच जुनी पिशवी बांधलेली. जांभळी अक्षरं: सुपडू, जामनेर.

“बाई, मागं एकदा या पिशवीत कुण्या आबानं बी धाडलं होतं. सवाईनं परत असा निरोप होता. दर साली पेरतो, पोरीच्या सासरीही दिलं. पण परत कुणाला द्यावं ते पिशवीवर लिहिलेलंच नाही. म्हणून तुमच्याकडं आलो.”

मी रजेचा अर्ज टाकला आणि सुपडूभाऊंना घेऊन शिंदखेड्याची गाडी पकडली.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. सुपडूभाऊंनी पोतं सोडलं. अक्कांनी एक दाणा दातांखाली धरला आणि डोळे मिटले. मग पदरानं डोळे पुसून आत गेल्या आणि जुनं माप घेऊन आल्या. आबांनी दिलेलं ओंजळभर, त्याची सवाई म्हणजे ओंजळ आणि वर पाव. तेवढंच मोजून घेतलं आणि बाकी पोतं सुपडूभाऊंकडे सरकवलं.

“अक्का, सगळं तुमच्यासाठीच आणलं,” ते म्हणाले.

“सवाईनावर घेवानी रीत नही, भाऊ.”

मी मधे पडले. म्हटलं, अक्का, एवढ्यात पेरणी कशी होईल? अक्कांनी विचार केला. मग पोतं पुन्हा जवळ ओढलं. “मंग हाई मी तुमनाकडथून नेसू. पुढला साले सवाई देसू.” आणि सुपडूभाऊ, जे देणं फेडायला आले होते, ते धनको होऊन परत निघाले.

जाताना अक्कांनी आमची ती जुनी पिशवी ओंजळभर दादरीनं भरून माझ्या हातात दिली. “बाई, चिमण्यास्नी खादेलं बी तुमनं बाकीच शे. ध्यानमा ठेवा.”

निवृत्त होऊन जळगावला राहायला गेले आणि घरामागे वाफा केला. गोविंदाकडून लेंडीखत आणलं. कणसांना पिशव्या बांधल्या, एकही न विसरता. आखाजीला मोठ्या ऐटीत शिंदखेड्याला गेले. अक्कांनी माप काढलं, माझी दादर त्यात ओतली, वरून तळहात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाई, मूठभर कमी शे.”

म्हणून यंदाही पेरली आहे.